पीएचडी मध्येच सोडताना: आधी कागद गोळा करा, मग काम शोधा

चार वर्षं प्रयोगशाळेत घालवली आणि दाखवायला एम.एस्सी.च्या गुणपत्रिकेपलीकडे एकही कागद नाही. पीएचडी अर्धवट सोडलेल्यांची नोकरी शोधताना अडचण होते ती इथे. काम केलेलं असतं, हात बसलेला असतो, पण ते सिद्ध करणारं काही मागे उरलेलं नसतं. म्हणून इथे सुरुवात नोकऱ्यांपासून न करता संस्थेच्या दारातून बाहेर पडण्यापासून केली आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यापीठांत किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळांत विज्ञानाची पीएचडी करणारे समोर ठेवले आहेत. अमेरिकेत असलेल्यांची गोष्ट व्हिसामुळे वेगळी, ती पुढे येते.

राजीनामा देण्याआधी

अडचण फक्त वेळेची, तब्येतीची किंवा घरची असेल तर नियमांत बरीच जागा आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत पीएचडीसाठी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. महिलांना पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते, आणि लग्नामुळे किंवा अन्य कारणानं गाव बदललं तर संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेण्याची तरतूद आहे. प्रश्न गाइडचा असेल तर गाइड बदलून मागण्याचा अर्ज विभागामार्फत करता येतो. पण विषयातलाच रस संपला असेल तर ही मुदतवाढ घेऊ नका. तिनं फक्त वय वाढतं.

इंटिग्रेटेड पीएचडीला (मास्टर्स आणि पीएचडी एकत्र) असाल, किंवा आयआयटीसारख्या संस्थेत असाल, तर मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडता येतं का हे तिथल्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या नियमांत, वाचा. क्रेडिट किती लागतात, प्रकल्प अहवाल लागतो का, अर्ज कोणत्या सेमिस्टरपर्यंत, हे तिन्ही प्रश्न अकॅडमिक सेक्शनला ई-मेलनं विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी नोंदणी रद्द करणं आणि नंतर हा पर्याय विचारणं. एकदा नाव कमी झालं की मग देण्यासारखं संस्थेच्या हातात फारसं काही उरत नाही. एका सेमिस्टरनं पदवी मिळणार असेल तर ते सेमिस्टर थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. एम.फिल.ची जुनी वाट मात्र २०२२ च्या नियमावलीनं बंद केली.

बाहेर पडताना घ्यायचे कागद

कोर्सवर्कची गुणपत्रिका सगळ्यात आधी. तिच्यावर क्रेडिट, गुण आणि संशोधन-नैतिकतेचा पेपर दिसला पाहिजे. पुढे कधी पुन्हा नोंदणी करावीशी वाटली तर तिचा उपयोग होऊ शकतो.

दुसरं, अनुभवाचं पत्र. विभागाकडून नुसतं बोनाफाइड मिळतं, ज्यात "अमुक तारखेपासून विद्यार्थी होता" एवढंच असतं, आणि कंपनीचा एचआर त्याला अनुभव मानत नाही. पत्राचा मसुदा तुम्हीच करून द्या. त्यात पद (जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलो, एसआरएफ म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलो, किंवा प्रोजेक्ट असोसिएट), सुरुवातीची आणि शेवटची तारीख, प्रकल्पाचं नाव, स्वतः चालवलेली उपकरणं आणि किती ज्युनिअर शिकवले हे यावं. लेटरहेड, जावक क्रमांक आणि शिक्का हवा. फेलोशिपचं अवॉर्ड लेटर, जॉइनिंग रिपोर्ट आणि जेआरएफवरून एसआरएफ झाल्याचं पत्र यांच्या प्रती सोबत ठेवा.

तिसरं, लेखकपद. पेपर अजून छापलेला नसेल तर जाण्याआधी गाइडला एक ई-मेल पाठवा. कोणत्या आकृत्या, कोणता डेटा, कोणता भाग तुमचा, हे मुद्द्यांनी लिहा, आणि हस्तलिखित जाईल तेव्हा कळवण्याची विनंती करा. भांडणाचा सूर नको. दोन वर्षांनी लेखकांची यादी ठरते तेव्हा हाच ई-मेल कामी येतो. प्रयोगवह्या आणि कच्चा डेटा संस्थेचा असतो. तो परवानगीशिवाय पेन ड्राइव्हवर नेऊ नका. स्वतःचे प्रोटोकॉल, पोस्टर आणि प्रगती अहवाल विचारून नेता येतात.

चौथं, नोंदणी रद्द झाल्याचं लेखी पत्र. अनेक जण नुसतं जाणं बंद करतात. मग दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेताना जुनी नोंदणी उघडीच असल्याचं कळतं, आणि मायग्रेशनसाठी पुन्हा जुन्या खिडकीपुढे उभं राहावं लागतं. लायब्ररी, हॉस्टेल, स्टोअर, अकाउंट्स असा नो-ड्यूजचा फेरा एकाच आठवड्यात पूर्ण करा.

फेलोशिपचा हिशेब वेगळा. सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला जेआरएफला ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता. राजीनाम्याची तारीख आणि नव्या नोकरीची तारीख एकावर एक येऊ देऊ नका. फेलोशिप चालू असताना पगार घेतला तर ती रक्कम वसूल होऊ शकते. थकलेल्या महिन्यांची बिलं, कंटिन्जन्सीचा (संशोधनाच्या किरकोळ खर्चाचा) हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्र हे सगळं तुम्ही कॅम्पसवर असतानाच सह्या होऊन जाऊ द्या. बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती असेल तर सुरुवातीला दिलेलं हमीपत्र काढून त्यात संशोधन अर्धवट सोडल्यास परतफेडीची काही अट आहे का, ते शब्दशः वाचा, आणि मगच राजीनाम्याची तारीख ठरवा. हातात सहा महिन्यांचा खर्च असावा. हॉस्टेल सुटलं की पुण्या-मुंबईत डिपॉझिट भरावं लागतं, ते या सहा महिन्यांच्या बाहेरचं धरा.

तुम्हाला काय येतं, त्याची यादी

थिसिसचा विषय बाजूला ठेवा. गेल्या दोन वर्षांच्या वह्या उघडा आणि ज्या गोष्टी पन्नासहून जास्त वेळा केल्या त्याच लिहा. ग्राफीनवर काम करणाऱ्याला नोकरी बहुधा ग्राफीनसाठी मिळत नाही, ती रामन स्पेक्ट्रोमीटर, व्हॅक्यूम प्रणाली किंवा पायथनमध्ये लिहिलेल्या विश्लेषणासाठी मिळते. प्रत्येक ओळीत पद्धत, उपकरण आणि आकडा हवा. एचपीएलसीचं, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजण्याच्या तंत्राचं, उदाहरण घ्या. "एचपीएलसी येतं" ही ओळ निरुपयोगी आहे. "रिव्हर्स फेज एचपीएलसी, तीन संयुगांसाठी पद्धत बसवली, दिवसाला २० नमुने, कॉलम आणि पंपाची देखभाल स्वतः" ही ओळ वाचून मुलाखतीला बोलावतात. अशा दहा-बारा ओळी झाल्या की पुढचे पर्याय आपोआप गाळले जातात.

औषध आणि अन्न तपासणी

रसायन, जैवरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांसाठी सर्वांत जवळचं दार हेच. तारापूर, कुरकुंभ, वाळूज, गोव्यात वेर्णा, अशा औद्योगिक वसाहतींत एम.एस्सी. ही नेमणुकीची पात्रता असते. पीएचडी अर्धवट आहे याच्याशी तिथे कोणाला देणंघेणं नसतं. उपकरणावर बसून काम करता येतं का, हे बघितलं जातं.

पण विद्यापीठातली प्रयोगशाळा आणि जीएमपीची (औषधनिर्मितीच्या गुणवत्ता नियमांनी चालणारी) प्रयोगशाळा यांत मोठा फरक आहे, आणि मुलाखतीत माणसं पडतात ती इथेच. नोंद शाईनंच होते. खाडाखोड चालत नाही: चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ, बाजूला कारण, सही आणि तारीख. खराब आलेला क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) पुसून पुन्हा इंजेक्शन दिलं की तो डेटा इंटिग्रिटीचा, म्हणजे नोंदींच्या सचोटीचा, गुन्हा ठरतो. मर्यादेबाहेरचा निकाल आला तर आधी चौकशी, मग पुनर्तपासणी. संशोधनात "परत एकदा लावून बघू" ही सवय लागलेली असते. ती इथे मोडावी लागते.

तयारीसाठी दोन आठवडे पुरतात. आयसीएच क्यू२ हे तपासणीच्या पद्धती प्रमाणित करण्याचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व मुळातून वाचा. पद्धत प्रमाणित करताना विशिष्टता, रेषीयता, अचूकता, पुनरावृत्ती, शोधमर्यादा आणि परिमाणमर्यादा कशा तपासतात ते समजून घ्या. रेषीयतेसाठी किमान ५ तीव्रता लागतात, अचूकतेसाठी ३ पातळ्यांवर मिळून किमान ९ निर्धारणं. सिस्टीम सुटेबिलिटी म्हणजे काय, एकाच प्रमाण द्रावणाची पाच-सहा इंजेक्शनं का देतात, पीकला शेपूट आलं तर कारण कॉलममध्ये शोधायचं की मोबाइल फेजच्या पीएचमध्ये, याची उत्तरं तोंडावर हवीत. नोकरी लागल्यावर दीड-दोन वर्षांत ॲनॅलिटिकल केमिस्ट म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची (एफडीए) मान्यता मिळवण्याच्या मागे लागा. ती मिळालेल्या माणसाची किंमत कंपनीत वाढते.

एलसी-एमएस/एमएस (रेणूंचं वस्तुमान मोजून अतिसूक्ष्म अंश ओळखणारं उपकरण) चालवता येत असेल तर निर्यात होणाऱ्या द्राक्षांतल्या कीटकनाशकांच्या उर्वरित अंश तपासणीकडे बघा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, आणि तिच्या चौकटीत काम करणाऱ्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळाही आहेत. युरोपीय संघात ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. एवढ्या सूक्ष्म पातळीवर रोज मोजायचं म्हणजे मॅट्रिक्स इफेक्ट (नमुन्यातल्या इतर घटकांचा परिणाम), आयन गुणोत्तर आणि कॅरीओव्हर (आधीच्या नमुन्याचा मागे राहिलेला अंश) सांभाळता आलं पाहिजे, आणि ते पीएचडीत उपकरणाशी झगडलेल्या माणसाला नव्या एम.एस्सी.पेक्षा नक्की चांगलं जमतं. हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणून अर्ज पावसाळा संपताना करा.

उपकरण बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांत ॲप्लिकेशन सायंटिस्ट हे पदही याच लोकांसाठी आहे. ग्राहकाच्या प्रयोगशाळेत जाऊन उपकरण बसवणं, पद्धत बसवून देणं, प्रशिक्षण देणं हे काम. महिन्यातले बरेच दिवस प्रवासात जातात, ते आधीच घरी सांगून ठेवा.

पेटंट

वाचन आवडतं, प्रयोगाचा कंटाळा आला आहे, अशांसाठी हे काम चांगलं, आणि त्याबद्दल माहिती कमी असते. भारतात पेटंट एजंट (शोधकाच्या वतीनं पेटंटचे अर्ज करणारा) होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १२६ नुसार भारतीय नागरिकत्व, वय २१ पूर्ण, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि एजंट परीक्षा उत्तीर्ण, एवढं पुरतं. पहिला पेपर कायदा आणि नियमांवर १०० गुणांचा, दुसरा विनिर्देश (शोधाचं वर्णन आणि दावे असलेला दस्तऐवज) लिहिणं आणि त्याचा अर्थ लावणं यावर १०० गुणांचा, आणि तोंडी ५० गुणांची. दोन्ही पेपरांत किमान ५० आणि एकूण ६० टक्के हवेत. परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही. म्हणून तिच्या भरवशावर बसू नका, आधी पेटंट ॲनालिस्ट म्हणून नोकरी धरा आणि अभ्यास सोबत चालू ठेवा. जुन्या नोट्स घेताना सावध राहा. १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं परीक्षणाची विनंती करण्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली. जुन्या पुस्तकातून पाठ केलेलं उत्तर इथे चुकतं.

हे काम आपल्याला जमेल का, हे एका शनिवार-रविवारी तपासता येतं. तुमच्या विषयातलं एक मंजूर पेटंट गूगल पेटंट्स किंवा एस्पेसनेटवर उघडा. वर्णन सोडून थेट दाव्यांकडे (नेमकं कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी वाक्यं) जा. पहिल्या दाव्याचे घटक तोडून एकाखाली एक लिहा: द्रावक, तापमान, उत्प्रेरक, क्रम. आता त्या पेटंटच्या अग्रक्रम तारखेआधीचे (पहिला अर्ज दाखल झाला त्या तारखेआधीचे) तीन दस्तऐवज शोधा आणि कोणता घटक कुठे आधीच सांगितलेला आहे ते समोर मांडा. शोध शब्दांनीच केलात तर निम्मं निसटतं. सीपीसी या पेटंटांच्या विषयवार वर्गीकरणाचा क्रमांक धरून शोधायला शिका. हा तक्ता नीट जमला तर तोच अर्जासोबत नमुना म्हणून जोडा. औषध-रसायनवाल्यांनी कलम ३(ड) तोंडपाठ करावं: ज्ञात पदार्थाचं नवं रूप कोणत्या परिस्थितीत पेटंटयोग्य ठरत नाही, आणि वाढीव परिणामकारकता म्हणजे काय.

सरकारी पेटंट परीक्षक हे राजपत्रित पद आहे आणि त्याची भरती अनेक वर्षांनी एकदा निघते. नागपुरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. तिच्या अल्प मुदतीच्या प्रशिक्षणांकडे विदर्भातल्या उमेदवारांनी लक्ष ठेवावं.

शिकवणं

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ मिळालेल्यांच्या लक्षात येत नाही की त्या निकालात सहायक प्राध्यापकपदाची पात्रताही आलेली असते. ती आजीवन टिकते, पीएचडी सोडल्यानं जात नाही. नेट नसेल तर सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा द्या. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला २ गुण, उणे गुण नाहीत आणि वयाची कमाल मर्यादा नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नये. खुल्या वर्गासाठी किमान ४० टक्के लागतात, पण तेवढे मिळाले म्हणजे झालं असं नाही. पात्र ठरतात ते बसलेल्यांपैकी वरचे सुमारे ६ टक्केच.

यूजीसीनं जुलै २०२३ मध्ये थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठेवली. तरी चित्र गुलाबी समजू नका. अनुदानित महाविद्यालयांतली कायम जागा निघायला वेळ लागतो आणि तोवर तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं. तिथे मानधन तासांवर ठरतं आणि सुट्ट्यांत पैसे नसतात. कायम झाल्यावरही, २०१८ च्या नियमांप्रमाणे पुढच्या स्तरावर जायला पीएचडीधारकाला ४ वर्षं तर फक्त नेट-सेटवाल्याला ६ वर्षं लागतात. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएचडी लागतेच. हे आधी माहीत असलेलं बरं.

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एम.एस्सी.सोबत बी.एड. लागतं आणि भरती टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) परीक्षा आणि पवित्र या सरकारी शिक्षकभरती पोर्टलमार्गे होते. लातूर, नांदेड, पुण्यातल्या जेईई-नीटच्या क्लासेसना बी.एड. नको असतं, हवा असतो तो फळ्यावरचा हात. डेमो लेक्चरला विषय सोपा घ्या, पण त्यातला नेहमी चुकणारा मुद्दा उचला. वीस मिनिटांत एक संकल्पना, दोन गणितं. संशोधनातली गुंतागुंत आत आणली की डेमो फसतो.

सरकारी परीक्षा

इथे पहिला प्रश्न वयाचा. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) प्रशिक्षण योजनेची खुल्या वर्गाची मर्यादा २६ असल्यामुळे पीएचडीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी ती बहुधा संपलेली असते. भूशास्त्र, भूभौतिकी, रसायन आणि जलभूशास्त्रवाल्यांसाठी यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, तिची मर्यादा ३२. आमच्या मते भूशास्त्राच्या विद्यार्थ्यानं हिच्यापुढे बाकी सगळ्या परीक्षा बाजूला ठेवाव्यात. एमपीएससीत खुल्या वर्गाला साधारणपणे ३८ पर्यंत संधी असते. रसायन, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनी अन्न सुरक्षा अधिकारी आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांतल्या पदांच्या जाहिराती बघाव्यात. कालिना, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे या प्रयोगशाळा आहेत. "अनुभव" हा शब्द जाहिरातीत आला की थांबून वाचा: फेलोशिपचा काळ धरतात की नाही हे जाहिरातीगणिक बदलतं. परीक्षांसाठी नोकरी न धरता दोन वर्षं बसून राहणं टाळावं.

क्लिनिकल रिसर्च आणि डेटा

जीवशास्त्रवाल्यांना क्लिनिकल रिसर्चमध्ये सुरुवात बहुधा रुग्णालयात ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून होते. आयसीएच-जीसीपीचं (औषधचाचण्या घेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं) प्रमाणपत्र घ्या आणि भारताचे २०१९ चे नवी औषधं व क्लिनिकल ट्रायल नियम वाचा. लिहिण्याचा हात असेल तर मेडिकल रायटिंग. तिथे अर्जानंतर लेखनचाचणी येते, आणि ती बहुतेकदा तक्त्यातले आकडे परिच्छेदात चूक न करता मांडण्याची असते.

भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, गणितवाल्यांची ओढ डेटाकडे असते. दहा ऑनलाइन प्रमाणपत्रं गोळा करण्यापेक्षा गिटहबवर एकच प्रकल्प असा ठेवा की जो अनोळखी माणूस आपल्या संगणकावर चालवू शकेल. वापरसूचना, लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी, कच्चा डेटा कुठून घ्यायचा आणि निष्कर्ष एका पानात. पायथन तुम्हाला येतंच. कमी पडतं ते एसक्यूएल. जॉइन, ग्रुप बाय आणि विंडो फंक्शन महिनाभर रोज तासभर गिरवा.

सीव्ही आणि तो एक प्रश्न

सीव्हीत "पीएचडी, चालू" असं लिहू नका आणि तो काळ लपवूही नका. नेमणुकीआधी पार्श्वभूमी तपासली जाते, आणि नोंदणी रद्द असताना "चालू" लिहिलेलं सापडलं तर हातातली ऑफर जाते. "डॉक्टरेट संशोधन, २०२१ ते २०२४, पदवी न घेता समाप्त" एवढं पुरे. ते शिक्षणात न टाकता अनुभवाखाली टाका, खाली तुमच्या दहा ओळी. दोन पानांपेक्षा जास्त नको.

"पीएचडी का सोडली?" याचं उत्तर तीन वाक्यांचं ठेवा आणि आरशासमोर म्हणून बघा. पहिल्यात तथ्य, दुसऱ्यात काय मिळवलं, तिसऱ्यात हीच नोकरी का. उदाहरणार्थ: "तीन वर्षांनंतर माझ्या लक्षात आलं की मला प्रबंधापेक्षा पद्धत बसवण्याचं काम जास्त आवडतं. या काळात मी एलसी-एमएसवर दोन पद्धती उभ्या केल्या आणि चार जणांना उपकरण शिकवलं. तुमच्याकडे हेच काम रोज आहे म्हणून अर्ज केला." गाइडबद्दल वाईट शब्द काढू नका, खरा असला तरी. शिफारसपत्र गाइडकडून मिळणार नसेल तर सल्लागार समितीतले दुसरे प्राध्यापक, उपकरण सुविधेचे प्रमुख किंवा सहलेखक यांच्याकडे आत्ताच शब्द टाका.

अमेरिकेत असाल तर

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना क्रम चुकला तर देश सोडावा लागतो. आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओंना (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना) भेटा, विभागप्रमुखांना नंतर. मास्टर्स घेऊन कार्यक्रम पूर्ण केला तर देश सोडायला ६० दिवसांची सवलत मिळते. परवानगीनं मध्येच नाव काढलं तर १५ दिवस, आणि न सांगता सोडलं तर एकही नाही. मास्टर्सच्या पातळीवरची ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी) तिथे आधी वापरलेली नसेल तर १२ महिने काम करता येतं, आणि स्टेम विषयांना पुढे २४ महिने. अर्ज कार्यक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंतच घेतात, म्हणून मास्टर्सच्या अटी पूर्ण होण्याची तारीख लेखी ठरल्याशिवाय राजीनाम्याचा ई-मेल पाठवू नका.

परत यावंसं वाटलं तर

२०२२ च्या नियमावलीत अर्धवेळ पीएचडीची सोय आहे. नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्यात संशोधनासाठी वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, असा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. नेमणूकपत्र घेताना कंपनीचं बौद्धिक संपदेचं कलम वाचून ठेवा. कंपनीतल्या डेटावर प्रबंध लिहायचा झाला तर परवानगी तिथूनच घ्यावी लागेल. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आणि कोर्सवर्कची गुणपत्रिका स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. नव्या नोंदणीच्या वेळी त्याच दोन कागदांची विचारणा होते.